दोर ताणलेला असेल तर गाडी थांबेल

आज आमच्या गल्लीत भाड्याने खोली मागायला या, मिळणार नाही. माझ्याच घराच्या माडीवर खालच्या शहरातून आलेलं एक जोडपं राहतं. नवरा चाक फिरवतो, बायको दोरासाठी वाखाचे तंतू विंचरते. खालची माणसं वर कामाला येतात हे कळल्यावर माझे सासरे स्वर्गात उठून बसले असतील, आणि बसल्याबसल्या म्हणाले असतील की सुनेने काहीतरी लबाडी केली असणार. लबाडी केली नाही. एक गाडी थांबवली, एवढंच.

आम्ही दोर वळणारी माणसं. वस्ती डोंगरावर. वस्तीतल्या सगळ्या वाटा वाकड्या, तिथल्या माणसांसारख्याच. आमची गल्ली तेवढी सरळसोट, कारण दोर वळायला लांब आणि सरळ जागा लागते. एका टोकाला पिळाचं चाक, दुसऱ्या टोकाला रोवलेला खांब, आणि मध्ये दोर जमिनीला टेकू नये म्हणून ओळीने लाकडी घोड्या. गल्ली जेवढी लांब तेवढा दोर लांब. म्हणून आमच्यात कुणी घराची पायरी पुढे काढत नाही, फुलझाडाची कुंडीसुद्धा दाराबाहेर ठेवत नाही. आणि एक शिस्त अशी, की दोर ताणलेला असला की गल्ली बंद. ओलांडायचा नाही, खालून वाकून जायचं नाही. नवी नवरी असली तरी दाराशी थांबते. मेलेला माणूसही थांबतो, त्याला तशी घाई नसतेच. अर्धा वळलेला दोर मध्येच सोडला तर चवताळतो. माझ्या चुलत सासऱ्यांचे पुढचे दात त्यानेच नेले, आणि उरलेलं आयुष्य ते शीळ न घालता जगले.

वळायला आम्हाला मनगटाएवढा दोरही यायचा आणि त्याहून जाडही. प्रश्न होता नेण्याचा. बारीक दोराची वेटोळी पाठीवर मारून माणूस उतार उतरतो. जाड दोराचं तसं नाही. तो तोडता येत नाही, तोडला तर दोर कसला. मग माणसं एकामागे एक उभी राहायची, सगळ्यांच्या खांद्यावर तो एकच दोर, आणि अशी गोम डोंगर उतरायची. पुढचा शिंकला की शेवटचा पडायचा. एक जाड दोर खाली पोचवायचा म्हणजे अख्ख्या गल्लीचं काम बंद आणि नंतर आठवडाभर सगळ्यांच्या मानेला तेल. तेव्हा आमच्या दोराची जाडी आमच्या हातांनी कधी ठरवली नाही, ती खांद्यांनी ठरवली. आम्ही वळायचो ती दावी, कासरे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. जाड दोरखंड दूरच्या एका गावात व्हायचे. तिथल्या माणसांना हाताला सहा बोटं नव्हती. त्यांच्या दाराशी रस्ता होता.

आमचा बारीक माल घ्यायचा पायथ्याचा दुकानदार. गिऱ्हाइकांना सांगायचा की दोर त्याच्या परसात होतात. त्याच्या परसात कोंबड्या होत्या, आणि त्यांनाही पीळ घालता येत नव्हता.

हळूहळू गल्लीतल्या दारांना कुलपं लागली. तरुण पोरं खाली गेली. माझा मुलगाही गेला, कुणाचातरी ट्रक चालवायला. दोर वळणाऱ्याचा मुलगा दुसऱ्याच्या मालाला दोर बांधू लागला. मी त्याला काही बोलले नाही. माझी सून म्हणते की मी न बोलता जे केलं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. असेल.

मग रस्ता झाला. मोठी यंत्रं आली, डोंगर कापला, डांबर पडलं, आणि रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. माणसं नाचली. पण रस्त्यावरून काही येईना. रस्ता झाला आणि गाडी नाही, म्हणजे मांडव घातला आणि नवरदेवाचा पत्ता नाही. शेळ्या डांबरावर बसायला लागल्या, ऊन खायला चांगलं म्हणून. माझे धाकटे दीर, भावोजी, सरकारी प्रवासी गाडी सुरू करा म्हणून गल्लीतर्फे साहेबलोकांकडे जाऊन यायचे, कारण त्यांना गोड बोलता येतं. मला येत नाही, आणि शिकायचं वयही गेलं. ते प्रत्येक वेळी दोन कारणं घेऊन यायचे. एक, वर माल नाही, माणसं नाहीत, तर गाडी कशाला. दुसरं, गल्लीच्या तोंडाशी गाडी वळत नाही, आणि तो उतार मागे मागे उतरायचा म्हणजे यमाला आवतण. ट्रकवालेही हेच म्हणायचे.

दुसऱ्या कारणाला उत्तर होतं. गल्लीच्या पार शेवटी मोकळं मैदान आहे. गाडी गल्लीतून सरळ पुढे जाईल, मैदानात वळेल आणि परत येईल. पहिल्या कारणाला उत्तर मी शोधलं.

नदीवर एक मोठी सपाट नाव चालते. माणसं, जनावरं, भरलेले ट्रक, सगळं पलीकडे नेते. या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेल्या दोराला धरून ती ओढतात. त्या नावाड्याचा दोर झिजला होता आणि दूरच्या गावाहून नवा यायला उशीर होता. त्याने माझ्या मुलाजवळ निरोप दिला, की तुझ्या आईला म्हणावं वळशील का, पण गाडीने खाली पाठवायचा, खांद्यावरून आणायला लावून मला पाप नको. मी हो म्हणून कळवलं.

भावोजींनी कपाळाला हात लावला. गाडी एकदा परीक्षेला येणार होती, एवढंच तेव्हा ठरलं होतं. साहेब सोबत येणार, गाडी वळते का बघणार, माल दिसतो का बघणार, मग हो किंवा नाही. नाही म्हणाले की संपलं, पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. भावोजी म्हणाले, बाजारात तुरी, वहिनी. मी म्हटलं, तुरी बाजारात आहेत म्हणूनच जातं धुवून ठेवायचं.

गल्लीत उरलेले सगळे हात मी कामाला लावले. पेड वळून झाले. तीन पेड आदल्या दिवशीच गल्लीभर ताणून ठेवले, प्रत्येक माझ्या मनगटाएवढा. राहिलं होतं ते तिन्ही एकत्र आवळून दोर करायचं. साहेब दुपारी येणार होते. आता मला सांगा, साहेब दुपारी येतो म्हणाला तर तो कधी येतो? सूर्य मावळायच्या आधी आला तरी माणसं त्याचं कौतुक करतात. मी हिशेब केला. सकाळी दोर चाकावर चढवायचा, दुपारपर्यंत आवळून मोकळं व्हायचं, गल्ली झाडून घ्यायची, आणि साहेब आले की तयार दोर त्यांच्या गाडीवर ठेवायचा. हा घ्या माल. हिशेबात काही चूक नव्हती. चूक साहेबांची होती. ते लवकर आले.

इतका लवकर आलेला सरकारी माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

सून चाकावर होती. तिचे दंड बघून आम्ही तिच्या माहेरच्यांकडे हुंडा नाही, माफी मागायला हवी होती. मी तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरून दोराबरोबर मागे मागे चालत होते. त्या प्रत्येक खाचेत एक पेड बसतो, चाक पीळ देतं आणि ठोकळ्याच्या मागे तिन्ही पेड एकमेकांना मिठी मारतात. गल्लीचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला असेल, तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. शेळ्या उठल्या. आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, लालभडक, धुळीने माखलेली, आमच्या घरांपेक्षा उंच.

साहेब उतरले. सडपातळ माणूस, इस्त्रीचा सदरा, चेहरा असा की आंबट काही खाल्लं नसलं तरी खाल्ल्यासारखा. मागून ड्रायव्हर उतरला, पोट आधी आणि तो नंतर. गाडीत नावाडीही होता. गुडघे गेलेला माणूस, जन्मात कधी वर चढला नव्हता, गाडी आहे म्हणून आपला दोर बघायला आला होता.

साहेबांनी गल्लीभर नजर टाकली आणि भावोजींना विचारलं, हे काय आहे. भावोजी म्हणाले, दोर आहे. साहेब म्हणाले, दिसतंय, काढा. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. मी ठोकळा सोडला नाही, सोडता येतही नाही. तिथूनच सांगितलं, की चढलेला दोर उतरत नाही, थांबावं लागेल.

ड्रायव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, मागे नेणार नाही साहेब, ते वळण उलटं उतरायला माझ्या बायकोची परवानगी नाही. म्हणजे गाडी पुढे येईना आणि मागे जाईना. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, गल्लीत अडथळा आहे, गाडी वळू शकत नाही, मला तेच कळवावं लागेल. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, चढलेल्या आवाजाशी मी जन्मभर लढत आले आहे.

भावोजी माझ्याजवळ आले.

"वहिनी, दोर पुन्हा वळता येईल. गाडी पुन्हा येणार नाही. कुऱ्हाड आणू का?"

मी गल्लीकडे बघितलं. या बाजूला कुलूप, त्या बाजूला कुलूप. ज्या घरांत मी बाळंतिणींना पाणी घातलं त्या घरांच्या उंबऱ्यांवर गवत आलं होतं. पीळ माझ्या मनगटांत उतरत होता. सून चाकाची मूठ घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. भावोजींचं चूक होतं असं नाही. गाडी गेली तर पुढच्या वर्षी हा दोर वळायला कुणी नसेल, हे मलाही कळत होतं.

पण मला दुसरंही एक कळत होतं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही वर दोन गोष्टी बघायला आलात. गाडी वळते का, आणि माल आहे का. दोर तोडला तर गाडी वळेल. मग नेईल काय? रिकामे बाक? मग तुम्हीच लिहाल, वळते खरी, पण कशाला वळायची."

साहेबांनी दोराकडे बघितलं. आंबट चेहरा तसाच. मग विचारलं, किती वेळ लागेल. मी सांगितलं, बघत उभे राहिलात तर जास्त, हात लावलात तर कमी.

ड्रायव्हर आधी हलला. घोडी कशी सरकवायची ते विचारून त्याने एक धरली. नावाडी गुडघे चोळत दोराच्या कडेकडेने चालू लागला, तळवा दोरावर, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. मी सुनेला मान हलवली, चाक फिरलं. दारादारांतून माणसं आली आणि आपापल्या घोडीशी उभी राहिली. ठोकळा माझ्याबरोबर मागे सरकत होता आणि त्याच्यामागे दोर तयार होत होता, भरीव, गोल, अंगाने चमकणारा. एवढा जाड दोर त्या गल्लीत माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच होत होता. मी हसले नाही. हसलं की हात सैल पडतो.

अर्ध्याच्या पुढे ड्रायव्हर गप्पांत रंगला आणि त्याची घोडी कलली. दोर एका अंगाला झुकला, एक पेड खाचेतून वर उचलला गेला, आणि वाखातून बारीक सूर निघाला. तुटायला आलेल्या दोराचा तो सूर आमच्यात लहान मूलही ओळखतं. मी ओरडले. सुनेने चाक उलटं घेतलं, थोडंसंच. कलती घोडी कुणीतरी धरून सरळ केली होती. मी बघितलं तर साहेब होते. पांढऱ्या बाहीला वाखाला चोळलेलं तेल लागलं होतं. ते घोडीला असे धरून उभे होते जणू सोडली तर नोकरी जाईल. मी त्यांना सांगितलं की कोपर खाली घ्या. त्यांनी घेतलं.

दोर खांबाशी पोचला तेव्हा सावली अजून लांब व्हायला लागली नव्हती. भावोजींनी टोकं बांधली. चाक थांबलं. सून मूठ सोडायला गेली तर तिची बोटं उघडेनात, ती नुसती हसत सुटली. मग घोड्या बाजूला झाल्या आणि गल्ली रिकामी झाली, आणि ती लाल गाडी आमच्या दारांमधून अशी गेली की म्हाताऱ्यांनी पोटं आत घेतली. मैदानात गेली, एक गिरकी घेतली आणि तोंड उताराकडे करून उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, यात काय, माझी सासूसुद्धा वळवेल.

दोर टपावर चढवायला आम्ही गोम केली, पण फक्त मैदानापर्यंतची. टपावर वेटोळं घातलं तेव्हा गाडीने जरासा श्वास सोडला. साहेबांनी वर बघून विचारलं, असा माल एकदाच, की नेहमी निघेल?

मी म्हटलं, "साहेब, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. आमच्या आडात भरपूर होतं. पोहराच कुणी सोडला नव्हता."

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, की दर खेपेला गाडी अशीच अडवणार का. मी सांगितलं, नाही. वळणावरचा हॉर्न आम्हाला ऐकू येतो. हॉर्न आला की नवा दोर चढवणार नाही, हा माझा शब्द. पण चढलेला असेल तर उतरवणार नाही, हाही माझाच शब्द. दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही ठेवा. भावोजींनी डोळे मिटले. साहेबांनी बाहीवरचा डाग चोळून बघितला, तो जाणार नव्हता. म्हणाले, तसं फलकावर लिहावं लागेल.

तो फलक आता गल्लीच्या तोंडाशी आहे. पुढे दोरगल्ली, दोर ताणलेला असेल तर गाडी थांबेल. खालून येणारी माणसं त्याच्यापाशी उभी राहून हसतात आणि मग थांबतात. थांबली की चहा पितात, म्हणून समोर चहाची टपरी झाली. गाडी रोज येते म्हटल्यावर ट्रकवाल्यांचीही भीड चेपली. वस्तीतल्या कुंभारणीची मडकी न फुटता खाली जायला लागली, आजारी माणूस पाटीत बसून नाही तर बाकावर बसून दवाखान्यात जायला लागला. उंबऱ्यांवरचं गवत उपटलं गेलं. माझा मुलगा आला तो ट्रक घेऊनच, आणि आल्या दिवशी म्हणाला, आई, तू बोललीस तरी चालेल. पायथ्याचा दुकानदारही एकदा दोर मागायला वर आला, तिकीट काढून. त्याला मी बसायला दिलं आणि कोंबड्यांची तब्येत विचारली. पाठीमागे मला गल्लीत तिपेडी म्हणायचे, तीन पेडांची, तुटत नाही म्हणून. आता तोंडावर म्हणतात. मी ओ देते.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी गाडी निघायला लागली तेव्हा सून म्हणाली, आई, दोराबरोबर आपलं कुणीतरी जायला हवं, तुम्ही जा. मी म्हटलं, घरी पसारा पडलाय. ती म्हणाली, पसारा पळून जात नाही. मला दंडाला धरून तिने चढवलं. ड्रायव्हरच्या मागचं पहिलं बाक मिळालं. जो उतार उतरताना माझी अर्धी हयात पायाखाली बघण्यात गेली, तो मी मान वर करून उतरले. डोंगर चांगला दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नदीवर नावाड्याच्या माणसांनी जुना दोर सोडला आणि आमचा बांधला. नावेत एक भरलेला ट्रक होता, दोन बैल, माणसं, सायकली. माणसांनी हात घातले आणि ओढलं. दोर पाण्यातून वर उठला, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्याच्या सगळ्या लांबीवरून थेंब एकदम खाली सुटले. एवढा ट्रक, एवढे बैल, आणि सगळं हललं.

जन्मभर दोर वळले. बादलीपेक्षा जड काही त्याने ओढताना मी कधी बघितलं नव्हतं.

नाव पलीकडे लागली. तिकडे कुणीतरी खाली वाकून दोराला हात लावून बघत होतं, दाबून बघत होतं, दुसऱ्यालाही दाखवत होतं. मग नावाड्याने दोन्ही हात तोंडाशी धरून मला हाक मारली. म्हणाला, बाई, हे विचारतायत दोर कुठला.

माझा आवाज गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला जन्मभर गेलेला आहे. नदीचं मला काय कौतुक. मी तिथूनच सांगितलं. पलीकडे पहिल्याच हाकेला ऐकू गेलं.